मनाचें सोंवळें

जुन्या वळणाच्या महाराष्ट्रीय घरांतील सकाळ ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना सोंवळ्याचा थाट निराळा सांगावयास नको. आदल्या दिवशीं धुतलेली धाबळी किंवा कद उंच दांडीवर वाळत घातलेला असे. कोणाच्या स्पर्शानें तो विटाळूं नये म्हणून काठीनें खालीं काढला जाई. पिण्याचें पाणी वेगळें, देवाचें पाणी वेगळें. शाळेंतून धांवत आलेलें एखादें मूल आजीला शिवलें, कीं आजीवर पुन्हां स्नानाचा प्रसंग येई. एवढें सर्व सांभाळून देवापुढें बसल्यावर मात्र, हातांत माळ फिरत असतांनाच, शेजारच्या नव्या सुनेचें उणेंदुणें निघे, धाकट्या जावेच्या माहेराचा उद्धार होई, आणि मोलकरणीनें वाढवून मागितलेल्या चार आण्यांवरून दिवसभर पुरेल एवढा कडवटपणा घरांत सांठून राही. दांडीवरचें वस्त्र शुद्ध असे. त्या वस्त्राआडचें मन धुवावयाचें राहून गेलें, याची आठवण क्वचितच कोणास होत असे.

शहरांतील बहुतेक घरांतून हें सोंवळें आतां गेलें आहे. परंतु त्याच्या जाण्यानें मनाच्या शुद्धीचा प्रश्न सुटला, असें मात्र म्हणतां येत नाहीं. तो प्रश्न जुन्या घरांत जसा मागें पडला होता, तसाच नव्या घरांतही मागें पडलेला आहे. म्हणून हिंदु धर्मग्रंथांनीं शुचिता म्हणून जी सांगितली, ती नेमकी कोणती, आणि मनाला मळ लागतो म्हणजे काय होतें, याचा थोडा शांतपणें विचार होणें अगत्याचें आहे.

पतंजलीच्या योगसूत्रांत योगाचीं आठ अंगें सांगितलीं आहेत. त्यांतील पहिलें अंग यम व दुसरें नियम. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह हे पांच यम. आणि पांच नियमांत पहिलें नांव शौचाचें. या शौचाचे व्यासभाष्यांत दोन प्रकार केले आहेत. माती, पाणी व शुद्ध आहार यांनीं साधतें तें बाह्य शौच, आणि चित्ताचे मळ धुऊन काढणें हें आभ्यंतर शौच. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत भांडीं, वस्त्रें, धान्य इत्यादींच्या शुद्धीचे नियम बारकाईनें दिले आहेत. पण त्या नियमांच्या मध्यभागींच दोन विचार असे येतात, कीं त्यांच्यापुढें भांड्यांची व वस्त्रांची शुद्धि अगदीं गौण ठरावी. पाण्याची सत्ता शरीरापुरती चालते, मनाला निर्मळ करण्यास सत्यच लागतें, हा पहिला विचार. दुसरा त्याहूनही रोखठोक आहे. सर्व शुद्धींत अर्थशुद्धि, म्हणजे पैशाच्या व्यवहारांतील स्वच्छता, ही श्रेष्ठ होय. नुसत्या माती-पाण्यानें शुद्ध झालेल्या मनुष्यास हा ग्रंथ शुद्ध म्हणावयास तयार नाहीं.

याच ग्रंथांत जन्मावरून उच्चनीचता ठरविणारीं व शूद्रांवर कठोर निर्बंध लादणारीं वचनें आहेत, हेंही येथें झांकून ठेवतां येत नाहीं. त्या वचनांचा निषेध म्हणून महाड येथें २५ डिसेंबर १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं मनुस्मृतीचें दहन करण्यांत आलें. त्या ज्वाळांनीं विचारी हिंदूंपुढें एक प्रश्न उभा केला. ज्या परंपरेनें मनाची शुद्धि श्रेष्ठ मानली, तिच्याच छायेखालीं एका माणसाच्या स्पर्शानें दुसरा माणूस विटाळतो ही कल्पना शतकानुशतकें कशी नांदली? या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें, तर मनाचा मळ म्हणजे काय, हें आधीं पहावें लागतें.

योगसूत्रांचा पहिला पाद समाधीविषयीं आहे. त्यांत चित्ताच्या मार्गांतील नऊ अंतराय मोजले आहेत. व्याधि, आळस, संशय, प्रमाद यांसारखे ते अंतराय कोणासही ओळखीचे वाटतील. त्यांनीं विस्कटलेलें चित्त स्थिर कसें करावें याचे उपाय पुढें क्रमानें येतात. श्वासावर नियंत्रण हा उपाय त्यांत आहे; वैराग्यशील पुरुषाचें चिंतन हाही आहे; ज्याला जें प्रिय असेल त्याचें ध्यान, हाही आहे. परंतु या सर्वांच्या अग्रभागीं, तेहतिसाव्या सूत्रांत, जो उपाय सांगितला आहे, त्यासाठीं आसन लागत नाहीं, एकांतही लागत नाहीं. त्यासाठीं लागतात तीं माणसें. जगांत सुखी, दुःखी, पुण्यशील आणि पापशील अशीं चार तऱ्हेचीं माणसें भेटतात. त्यांच्याविषयीं अनुक्रमें मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा हे भाव मनांत बाळगावे, म्हणजे चित्त प्रसन्न होतें, असा त्या सूत्राचा अभिप्राय आहे. प्रसन्न याचा येथील अर्थ आनंदी असा नसून, गाळ खालीं बसलेल्या पाण्यासारखें स्वच्छ, असा आहे.

हा क्रम लक्षांत घेण्यासारखा आहे. योगशास्त्र म्हटलें, कीं सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढें गुहा, मृगाजिन आणि मिटलेले डोळे उभे राहतात. पतंजलीनें मात्र प्राण रोखण्याच्या आधीं शेजाऱ्याकडे पहावयास शिकविलें. मन मलिन होतें तें माणसांच्या संबंधांत, म्हणून त्याची धुलाईही माणसांच्या संबंधांतच व्हावयाची, असा हा साधा हिशेब आहे.

व्यासभाष्यावर टीका लिहिणाऱ्या वाचस्पति मिश्रानें या चार भावांपैकीं कोणत्या भावानें कोणता मळ निघतो, हेंही सांगून ठेविलें आहे. मैत्रीनें ईर्षा जाते. करुणेनें दुसऱ्याचा अपकार करण्याची इच्छा जाते. मुदितेनें असूया जाते. उपेक्षेनें अमर्ष जातो. ही चार मळांची यादी एखाद्या कुटुंबवत्सल गृहस्थानें आपल्या दिवसाशीं ताडून पाहिली, तर आपल्या घरचाच जमाखर्च कोणी लिहून ठेविला आहे, असें त्यास वाटल्यावांचून राहणार नाहीं.

प्रथम ईर्षा घ्यावी. भिकाऱ्याला राजाची ईर्षा वाटत नाहीं. कारकुनाला त्याच कचेरींतील, त्याच्याच बरोबर लागलेल्या कारकुनाची वाटते. ईर्षेला बरोबरीचा माणूस लागतो. चाळींतल्या एका बिऱ्हाडांतील मुलगा परीक्षेंत वरच्या वर्गांत आला, कीं पेढे सर्व बिऱ्हाडांतून वांटले जातात. पेढा हातावर पडतांना तोंडीं अभिनंदन असतें. परंतु दार लागल्यावर पहिला प्रश्न निघतो, तो असा कीं त्याला शिकवणी कोणाची होती. मग घरच्या मुलाच्या नांवानें एक उसासा पडतो, आणि त्या उसाशाबरोबर दुसऱ्याच्या सुखाचा आपल्याला त्रास झाला, ही गोष्ट कबूल न करतांच मनांत मुरते. येथें मैत्रीचा भाव हवा, तो म्हणजे आपल्या जिवलग मित्राचें सुख पाहून जसें वाटतें, तसें त्या शेजाऱ्याचें सुख पाहून वाटणें. त्यांत त्या शेजाऱ्याचा लाभ कांहीं नाहीं. त्याचा मुलगा उत्तीर्ण झालाच आहे. लाभ आहे तो पेढा खाणाराचा.

करुणेविषयीं वाचस्पतीनें जें म्हटलें, तें प्रथम आश्चर्यकारक वाटतें. दुःखिताविषयीं कणव नसली तर मन कठोर होतें, एवढेंच कोणीही म्हटलें असतें. हा टीकाकार मात्र म्हणतो, कीं करुणा नसेल तेथें अपकाराची इच्छा असते. विचार करतां यांतील मर्म कळूं लागतें. दुसऱ्याच्या दुःखाशीं तटस्थ राहतां येतें, ही एक समजूत आहे. ज्याच्याशीं पूर्वीं कांहीं कुरबूर झालेली असेल, अशा माणसावर संकट आल्याचें कानीं पडतांच, ‘बरी खोड मोडली’ हे शब्द ओठांपर्यंत येतात. हातानें कांहीं अपकार घडलेला नसतो. पण दैवानें केलेल्या अपकाराचा अर्धा वांटा मनानें उचललेला असतो. पैठणच्या एकनाथांच्या पारंपरिक चरित्रांत गोदावरीच्या तापलेल्या वाळूची कथा येते. अस्पृश्य मानलेल्या घरचें एक लहान मूल त्या वाळूंत रडत पडलें असतां, स्नान करून परतणाऱ्या नाथांनीं त्यास कडेवर घेतलें आणि त्याच्या घरीं पोंचविलें, अशी ती आख्यायिका आहे. नदीच्या पाण्यानें आलेली शुद्धि त्या स्पर्शानें गेली कीं पूर्ण झाली, याचा निवाडा महाराष्ट्रानें ती कथा चारशें वर्षें सांगत राहून केलेलाच आहे.

तिसरा मळ असूया. ईर्षा आणि असूया हीं दोन्ही नांवें व्यवहारांत एकाच अर्थीं वापरलीं जातात. शास्त्रकार मात्र त्यांत भेद करतात. ईर्षा दुसऱ्याच्या सुखावर जळते. असूया दुसऱ्याच्या गुणांत दोष शोधते. सुशिक्षित घरांत हा मळ विशेष सांपडतो, कारण येथें तो बुद्धिमत्तेचें वस्त्र पांघरून येतो. कोणीं शाळेला देणगी दिली, तर ‘कर वांचवावयाचा असेल’. कोणी आजाऱ्याची सेवा करूं लागला, तर ‘निवडणूक जवळ आली वाटतें’. कोणी सरळपणानें वागला, तर ‘संधि मिळाली नसेल’. प्रत्येक चांगल्या गोष्टीला ‘पण’ची शेंपटी लावून दिल्यावांचून ज्यास चैन पडत नाहीं, तो आपल्यास चतुर समजतो, आणि घरांतील मुलें जेवतां जेवतां तें चातुर्य शिकत असतात. चांगुलपणा नाहींच, जो दिसतो तो दंभ आहे, असा ज्या मुलाचा दहाव्या वर्षीं ग्रह झाला, त्याला विसाव्या वर्षीं सदाचाराचा उपदेश करणारा मनुष्य कोणत्या भाषेंत बोलणार? मुदिता म्हणजे पुण्य पाहून मनाला होणारा हर्ष. ज्या घरांत असा हर्ष मोकळेपणानें व्यक्त होतो, त्या घरांत शीलाचें शिक्षण निराळें द्यावें लागत नाहीं.

उरली उपेक्षा. हा चौथा भाव सर्वांत अधिक गैरसमजुतीचा विषय झालेला आहे. पापी माणसाची उपेक्षा करावी, याचा अर्थ पापाकडे काणाडोळा करावा असा घेतला, तर अन्यायाला मोकळें रानच मिळेल. आणि तसा अर्थ घेणारे सोयिस्कर साधु कांहीं थोडे झालेले नाहींत. परंतु उपेक्षेनें जाणारा मळ अमर्ष आहे, हें ध्यानांत ठेवावें. अमर्ष म्हणजे दुसऱ्याचें दुष्कृत्य सहन न होऊन मनाची होणारी आग. ती आग दुष्टाला पोळीत नाहीं. ज्याच्या मनांत पेटते, त्याचेंच घर जाळते. शिवाय व्यासभाष्यांत पुढें एक मार्मिक भेद केलेला आढळतो. मैत्री, करुणा व मुदिता या भावना आहेत, त्यांचें चिंतन करून त्या वाढवावयाच्या असतात; उपेक्षा ही मात्र भावना नव्हे, म्हणून तिच्यावर समाधि साधावयाची नसते. उपेक्षा हें मनाचें संरक्षण आहे, मनाचें ध्येय नव्हे. आणि जेथें अन्याय करणारा असतो, तेथें तो सोसणाराही असतोच. करणाराविषयीं उपेक्षा सांगितली असली, तरी सोसणाराविषयीं करुणाच सांगितली आहे, आणि करुणेला हात बांधून बसतां येत नाहीं. अन्यायाच्या निवारणासाठीं झटावें, पण अन्याय करणाराचा द्वेष उराशीं धरून झटूं नये, असा या दोन भावांचा एकत्रित अर्थ निघतो. तो आचरणांत आणणें अत्यंत कठीण आहे. पण अर्थ तोच आहे.

हे भाव बाळगावे म्हणून बाळगतां येतात काय? मनाला आज्ञा करून मन निर्मळ होत नाहीं, हें शास्त्रकारांना ठाऊक होतें. व्यासभाष्यांत चित्ताला दोहों दिशांनीं वाहणाऱ्या नदीची उपमा दिलेली आहे. तिचा एक प्रवाह कल्याणाकडे जातो, दुसरा पापाकडे. नदी अडवावयाची नाहीं. एका बाजूचा ओघ आटवावयाचा आणि दुसऱ्या बाजूचा मोकळा करावयाचा. त्यासाठीं अभ्यास सांगितला आहे, आणि तो दीर्घ काळ, खंड न पडूं देतां व आदरानें केला तरच दृढ होतो, असेंही बजावलें आहे. वाईट विचार मनाला खेंचूं लागला, कीं त्याच्या विरुद्ध बाजूचा विचार जाणूनबुजून उभा करावा, ही प्रतिपक्षभावना होय. येथें शास्त्रकारांनीं आत्मपरीक्षणासाठीं जी मोजपट्टी दिली आहे, ती फार बारीक आहे. हिंसा, असत्य, चोरी इत्यादि दोष स्वतः केलेले असतात, दुसऱ्याकडून करविलेले असतात, किंवा नुसते अनुमोदिलेले असतात. त्यांतील प्रत्येक लोभ, क्रोध किंवा मोह यांतून उद्भवतो. तो मृदु, मध्यम किंवा तीव्र असतो. अशा रीतीनें भाष्यकार एकट्या हिंसेचे सत्तावीस आणि पुढें पोटभेद धरून ८१ प्रकार मोजतो.

या ८१ प्रकारांतील ‘अनुमोदित’ हा वर्ग सभ्य गृहस्थांनीं विशेष पहावा असा आहे. हातून चोरी होत नाहीं, हिंसा होत नाहीं. पण दुसऱ्याच्या लबाडीच्या हकीकती चवीनें ऐकणें, कोणा दुबळ्याची फजिती झाली असतां हंसण्यांत सामील होणें, अन्याय्य रूढीचा आपल्याला फायदा मिळत असतां मौन पाळणें, हें सर्व त्या वर्गांत येतें. करविलेल्या दोषाचें उदाहरणही दूर शोधावयास नको. आगगाडीच्या प्रवासाला निघतांना मुलाचें वय एका वर्षानें कमी सांगावयाचें ठरतें, आणि ‘कोणीं विचारलें तर एवढेंच सांग’ म्हणून मुलाला पढविलें जातें. कांहीं रुपये वांचतात. त्या रुपयांत बापाची अर्थशुद्धि गेली आणि मुलाचें सत्य गेलें; त्याच मुलाला संध्याकाळीं शुभंकरोतीला बसविलें जातें. तो तें म्हणतो, आणि दोन गोष्टी शिकतो. म्हणावयाचें एक असतें व करावयाचें दुसरें असतें, ही त्यांतली दुसरी. कृतीचा ठसा चित्तावर उमटून राहतो, त्याला संस्कार म्हणतात. आणि संस्कारांची बेरीज म्हणजे शील. उपदेशाचा संस्कार पुसट होतो, पाहिलेल्या वर्तनाचा खोल जातो.

मनाच्या या चार भावांवर कोणा एका पंथाची मालकी नाहीं. बौद्धांनीं त्यांना ब्रह्मविहार म्हटलें आणि आपल्या साधनेंत मोठें स्थान दिलें. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रांतही सर्व प्राण्यांविषयीं मैत्री, गुणाधिकांविषयीं प्रमोद, पीडितांविषयीं कारुण्य आणि दुर्विनीतांविषयीं माध्यस्थ्य असें हेंच चतुष्टय भेटतें. तत्त्वज्ञानांत जे एकमेकांशीं शतकानुशतकें भांडले, ते मन धुण्याच्या घाटावर मात्र एकत्र आलेले दिसतात.

महाराष्ट्राला या शिकवणीचा एक दाखला अगदीं जवळचा आहे. साने गुरुजींनीं १९३३ मध्यें नाशिकच्या तुरुंगांत ‘श्यामची आई’ हें पुस्तक लिहिलें. त्यांत स्नान करून उभ्या असलेल्या लहानग्या श्यामचा हट्ट वर्णिला आहे. ओल्या पायांना माती लागूं नये म्हणून तो आईला पदर पसरावयास लावतो. आई पदर पसरते, आणि पायांना जसा जपतोस तसाच मनालाही जप, असा बोध त्याला करते. कोंकणांतील एका गरीब घरच्या, शास्त्रें न पढलेल्या त्या माउलीनें बाह्य शौच व आभ्यंतर शौच यांतील भेद एका ओल्या पावलाच्या निमित्तानें सांगितला.

तो बोध मुलाच्या मनांत किती खोल गेला होता, हें पंढरपुरानें १९४७ मध्यें पाहिलें. विठ्ठलाचें मंदिर अस्पृश्य मानलेल्या भक्तांना बंद होतें. चौदाव्या शतकांतील चोखामेळ्याची समाधि महाद्वारासमोर पायरीपाशीं आहे. वारकरी तिला वंदन करून आंत जात, आणि चोखोबाचे जातभाई मात्र बाहेरच राहत. साने गुरुजींनीं महाराष्ट्रभर दौरा करून हें मंदिर खुलें व्हावें म्हणून लोकांना विनविलें, आणि १ मे १९४७ रोजीं पंढरपुरास उपोषण आरंभिलें. मंदिर खुलें करण्याचें ठरल्यावर १० मे रोजीं तें सुटलें. ज्यांनीं दार अडविलें होतें, त्यांना क्लेश देण्याऐवजीं त्यांनीं तो स्वतःच्या देहास दिला. बाहेर राहिलेल्यांविषयीं करुणा होती, म्हणून ते स्वस्थ बसले नाहींत. आणि अडविणाऱ्यांवरचा अमर्ष त्यांनीं आपल्या हाताला लागूं दिला नाहीं. पुढें २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या भारतीय संविधानाच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली.

दुसऱ्याच्या स्पर्शानें माणूस कसा विटाळतो, या प्रश्नाचें उत्तर आतां पुरेसें स्पष्ट झालें असावें. तो विटाळत नाहींच. शास्त्रकारांनीं मनाचे जे मळ मोजले, ते ईर्षा, अपकारेच्छा, असूया व अमर्ष हे आहेत. यांतील एकही बाहेरून लागत नाहीं, एकही दुसऱ्याच्या हातानें येत नाहीं. प्रत्येक मळ पाहणाऱ्याच्या दृष्टींतून निघतो आणि त्याच्याच चित्तावर बसतो. म्हणून जें सोंवळें दुसऱ्या माणसाला दूर उभें राहावयास सांगतें, तें मनाचें सोंवळें असूं शकत नाहीं. कायद्यानें देवळांचीं दारें उघडलीं. तरी लग्न जुळवितांना, घर भाड्यानें देतांना, घरकामाच्या बाईला पाणी देण्यासाठीं निराळा पेला काढतांना, तो जुना विटाळ मनांत अजून कोठें दडून राहिला आहे, हें पाहणें ज्याचें त्याच्याकडेच राहतें.

रात्रीं दिवा मालवण्यापूर्वीं दिवसभरांत भेटलेलीं चार माणसें आठवावीं. एक सुखी, एक दुःखी, एक सज्जन आणि एक ज्याचें वागणें खटकलें असा. त्यांच्याविषयीं मनांत काय उठलें, हें कोणालाही न सांगतां स्वतःशीं प्रामाणिकपणें तपासावें. पहिल्या दिवशीं उत्तर सुखावह येणार नाहीं. बहुधा दहाव्या दिवशींही येणार नाहीं. परंतु वस्त्रें रोज धुवावीं लागतात, म्हणून धुणें व्यर्थ आहे असें कोणी म्हणत नाहीं. मनाच्या धुण्याचा नियम याहून निराळा नाहीं.